पुसलेले आकडे

माझं शिल्प दोन पिशव्यांत मावतं. स्टीलच्या पत्र्याचे चोवीस तुकडे, खाचेत खाच अडकवली की माणसाएवढं उभं राहतं. दोन ठिकाणी मांडून झालं होतं. दोन्हीकडे एकच उत्तर, "छान आहे हो, पण इथं कशाला?" आता तिसरं ठिकाण, वाचनालय. ग्रंथपाल बाईंना पटलं तर महिनाभर इथं, मग पुढे गावोगाव. नाही पटलं तर पत्रे माळ्यावर टाकायचे आणि हा नाद सोडायचा, असं ठरवूनच आले होते. तरी सकाळपासून छाती धडधडत होती आणि मला ते आवडत होतं.

सोबत माझे धाकटे दीर. त्यांचं भांड्यांना पॉलिश करायचं दुकान आहे. बाईंनी अर्धा तास दिला. पहिला तुकडा काढला, तो असा लखलखला की मी हरखले. मग उलटा केला. मागे मार्करने घातलेला आकडा गायब. दुसऱ्यावर नाही, चोविसाव्यावरही नाही.

"भावजी, आकडे कुठे गेले?"

"ते काळे डाग? घासून काढले की. दोन्ही बाजूंनी चकचकीत केलंय, वहिनी."

तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेमाने घात करणाऱ्याला शिव्यासुद्धा देता येत नाहीत. कोणता तुकडा कुठे बसतो हे आकड्यांशिवाय मला सांगता आलं नसतं.

रागारागाने एक पत्रा उभा केला, तर त्यात कोपऱ्यातल्या आजोबांचं टक्कल दिसलं. ते रोज भिंतीकडे तोंड करून पेपर वाचतात म्हणे. पत्रा जरासा कलवला. टक्कल गेलं, मागची खिडकी आली आणि खिडकीतलं झाड.

"अरे, इथून झाड दिसतं?" आजोबा मान वळवून पत्र्यात बघत म्हणाले.

मग मला थांबवणं कठीण झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं आजवर चाललं होतं. खाचा तर सगळ्यांच्या सारख्याच होत्या. प्रत्येक तुकडा हातात धरून फिरवायचा, काय दिसतं ते बघायचं आणि तिथेच अडकवायचा. पुस्तकांच्या पिवळ्या पाठी, जिना, दारातल्या चपला, पंखा. मी हसत होते आणि भावजी धावत तुकडे देत होते.

बाई आल्या. शिल्पाभोवती एक फेरी मारली.

"कपाटावर एवढी धूळ आहे होय?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "आणि ती मी? तीस वर्षं याच खुर्चीत बसते. पुस्तकांत बसलेली बरी दिसते की."

इथं कशाला, असं त्यांनी विचारलंच नाही. उलट म्हणाल्या, "महिनाभर राहू दे. पण लोकांना उद्यापासून दाखवू, आज धूळ पुसून घेते."

भावजींनी खिशातून मार्कर काढला. चेहरा पडला होता. "वहिनी, सोडवायच्या आधी आता तरी आकडे घाला."

"ठेवा तो खिशात," मी म्हटलं. "आणि पुढच्या गावाला जायच्या आधी पुन्हा घासून द्या. दोन्ही बाजूंनी."