झाकणावरची आई

मलमाचा धंदा निघाला तो आईच्या हातांना पडलेल्या भेगांमधून. तीस वर्षं तिने धुलाईच्या दुकानात लोकांच्या चादरी धुतल्या. बोटं रक्ताळायला लागली तेव्हा मेण आणि तेल एकत्र कढवून तिने स्वतःपुरतं मलम केलं. ते शेजारणीने नेलं, शेजारणीच्या बहिणीने नेलं, आणि मुलाची नोकरी सुटली तेव्हा सुनेने डोकं लढवलं, की हेच विकू या. विकलं. म्हणजे विकायला ठेवलं म्हणा, कारण सहा महिने डब्या कपाटातून हलल्या नाहीत.

मग सल्लागार आला. सुनेच्या मैत्रिणीचा भाऊ. छोट्या धंद्यांना ब्रँड कसा उभा करायचा ते शिकवत हिंडायचा. स्वतः आयुष्यात एक टाचणी विकली नव्हती, पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्याने मलम हुंगलं, बोटाला चोळलं आणि सांगितलं, की माल एक नंबर आहे, पण मलम शंभर जण विकतात, लोक विकत घेतात ती गोष्ट. गोष्ट आहे का? मग मुलाने धुलाईचं दुकान सांगितलं, चादरी सांगितल्या, भेगा सांगितल्या. सल्लागाराने सगळं भराभरा लिहून घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आई गेल्या कधी?"

आई आतल्या खोलीत मलम ढवळत होती. हे कळल्यावर त्याचा चेहराच पडला. जिवंत आईचं काही खपत नाही असं नाही, तो म्हणाला, पण आठवण जास्त खपते.

मुलगा तिथल्या तिथे नाही म्हणाला होता, असं तो पुढे स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे तो म्हणाला, बघू. आणि 'बघू'चा अर्थ काय ते शेंबडं पोरही सांगेल.

आईने ऐकलं आणि ती खो खो हसली. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणे, मग मारा की मला, तुमचं बस्तान बसू दे एकदाचं, म्हणाली. तेव्हा झाकणावर तिचा तरुणपणीचा फोटो आला आणि खाली ओळ आली, 'आईच्या आठवणीत. जे तिच्या हातांसाठी होतं, ते आता तुमच्या हातांसाठी.'

मलम धावत सुटलं. प्रदर्शनात बायका मुलाचा हात हातात घेऊन म्हणायच्या, फार सोसलं हो तुमच्या आईने. पहिल्या वेळी त्याला दरदरून घाम फुटला. दहाव्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, याचीच त्याला भीती वाटली. सांत्वनाची पत्रं यायला लागली. सून ती जपून एका खोक्यात ठेवायची. आईने मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं सोडलं, कारण तिथे फळीवर तीच मांडलेली असायची.

एकदा मोठ्या दुकानांसाठी खरेदी करणाऱ्या एक बाई कारखाना बघायला आल्या. कारखाना कसला, घराची मागची खोली! आई पातेल्यापाशी उभी होती, मलमाचा थेंब थंड बशीवर टाकून जमलंय का ते बघत होती. बाईंनी विचारलं, या कोण? मुलाच्या तोंडून निघून गेलं, "कामाला आहेत."

आईने पदराला हात पुसले. "मी जुनी आहे हो," ती बाईंना म्हणाली. "यांच्या आई फार मायाळू होत्या."

सून हसू दाबत बाहेर पळाली. मोठी ऑर्डर मिळाली. संध्याकाळी मुलगा आईची थट्टा करायला गेला, की काय नाटकी आहेस गं तू. ती पातेलं खरवडत होती. हसली नाही.

"पुढची झाकणं छापशील तेव्हा मला जिवंत कर," ती म्हणाली. "मी अजून आहे रे."

"करतो," तो म्हणाला.

करायचं होतंच त्याला. पण मोठ्या ऑर्डरची झाकणं आधीच छापायला गेली होती. सल्लागार म्हणाला, जे लोक रडले त्यांना आता काय सांगणार, की तुम्हाला उल्लू बनवलं? मग हा माल संपू दे असं ठरलं. तो संपला तर दुसरा आला. आज-उद्या करता करता वर्ष सरलं. आईने पुन्हा विषय काढला नाही.

मग एके दुपारी त्याला दारातून दिसलं. झाकणांचं नवं खोकं आलं होतं. आईने ते स्वतः फोडलं, वरचं एक झाकण उचललं, चष्मा लावून वाचलं आणि होतं तसं परत ठेवलं. त्या सफाईवरून त्याला कळलं, की दर वेळी खोकं आलं की ती हेच करते. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो तसाच उठून छापखान्यात गेला. सल्लागाराला विचारलं नाही, बायकोलाही नाही. कागदावर आपल्या हाताने लिहून दिलं, 'हे मलम माझी आई करते. ती आहे. आम्ही आधी खोटं छापलं, माफ करा.' आठ दिवस लागतील, छापखानेवाला म्हणाला. आईला त्याने मुद्दाम सांगितलं नाही. तिने खोकं फोडावं, चष्मा लावावा आणि आपण दारातून बघावं, एवढा हट्ट त्याने धरला. गाढवपणा, दुसरं काय!

सहाव्या दिवशी सकाळी ढवळता ढवळताच ती खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. खरेदीवाल्या बाई होत्या, आजचा माल कधी निघेल विचारत होत्या. आज जमणार नाही, मुलगा म्हणाला. "माझी आई गेली."

"हो, वाचलंय ना मी," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मग सोमवारी पाठवाल?"

तो सोमवारी पाठवतो म्हणाला आणि फोन ठेवला. मग आत जाऊन आईच्या उशाशी बसला.

"छापायला दिलंय गं आई," तो तिला म्हणाला. पुन्हा म्हणाला, आणखी जवळ जाऊन, तिला कमी ऐकू येत असल्यासारखा. सुनेने खांद्याला धरून उठवेपर्यंत तो तेच सांगत होता.