मामाचा ताप

भूल देणाऱ्या डॉक्टरबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो. सुई टोचायची आणि बाहेर जाऊन चहा ढोसायचा. आमचे सर्जनसाहेबही त्यातलेच. खरं काम सुईनंतर सुरू होतं. पेशंटच्या उशाशी बसायचं आणि नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, श्वास यांच्यावरून नजर हलू द्यायची नाही. आणि त्याआधी, आदल्या दिवशी, नको तितक्या चौकशा करायच्या. त्यात मी भलतीच चोंबडी आहे, असं माझा नवरा म्हणतो.

त्या दिवशी समोर कॉलेजातली मुलगी होती. पित्ताशयात खडे, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सोबत तिची आई आणि आईचे वडील. आजोबा मांडीवर पिशवी घेऊन भिंतीशी बसले होते.

"घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय?"

"नाही," आई म्हणाली.

"ऑपरेशनच्या वेळी कुणी दगावलं वगैरे?"

"छे! हिचा मामा लहानपणी गेला, पण तो तापाने."

"कसला ताप?"

"काय की. मी पाळण्यात होते तेव्हा. आमच्याकडे तो विषय कुणी काढत नाही."

हे म्हणताना तिने चोरून वडिलांकडे पाहिलं. आजोबा फरशी बघत होते. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"आजोबा, ताप घरी आला होता की दवाखान्यात?"

त्यांनी पिशवीचे बंद मुठीत गुंडाळले. मग म्हणाले, "टेबलावर. टॉन्सिल काढायला नेलं होतं. भूल दिली आणि दातखीळच बसली. अंग ताठ. मला आत बोलावलं तेव्हा हात लावला, तर तव्यासारखा चटका."

"बाबा, टेबलावर?" लेकीचा आवाज चिरकला.

"तुझी आई म्हणत होती, त्याला मोठ्या इस्पितळात नेऊ. मीच म्हटलं, एवढ्याशा टॉन्सिलला कशाला, कोपऱ्यावरचे डॉक्टर आहेत की. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर तुझ्याकरवी सांगते."

"मला वाटायचं, आईचा स्वभावच तसा."

दातखीळ आणि चटका, मला एवढं पुरे होतं. काही घराण्यांत रक्तातूनच एक दोष येतो. एरवी माणूस ठणठणीत असतो, पण भुलेचे ठरावीक वायू किंवा एक विशिष्ट इंजेक्शन अंगात गेलं की स्नायू आखडतात आणि शरीर भट्टीसारखं तापतं. मामाला झालं ते हेच असणार. नातीतही तो दोष असू शकत होता, आणि उद्या मी नेमका तसाच वायू सोडणार होते.

सर्जनसाहेब वैतागले. "एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर सगळं बदलायचं?"

"हो. आणि त्या तापावरचा उतारा हाताशी आल्याशिवाय मी सुई उचलणार नाही. घाई असेल तर तुम्हीच द्या भूल."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण उताऱ्याचं औषध दुसऱ्या इस्पितळातून स्वतः फोन करून मागवलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

सकाळी भुलेच्या मशीनमध्ये उरलेला वायू ऑक्सिजनच्या झोताने पार धुऊन काढला. नातीला शिरेतल्या औषधाने झोपवलं, तापमानाची वायर लावली. हा दोष जागा झाला तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आधी वाढतो, म्हणून मी त्या आकड्यावर डोळे रोवून बसले. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायलाही तोच वायू भरतात, तेव्हा आकडा जरा चढला आणि मी उताऱ्याची कुपी जवळ ओढली. तापमान मात्र जागचं हललं नाही. थोड्या वेळाने आकडाही खाली आला.

बाहेर आजोबा बाकावर होते. पिशवीतला डबा तसाच.

"नात जागी झाली. आईशी भांडतेय, पाणी का देत नाही म्हणून."

ते नुसते हात जोडून उभे राहिले. मला राहवेना. "आजोबा, तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं. वायू तिथेही हाच होता, आणि उतारा तेव्हा कुणाच्याच हाताशी नसायचा."

त्यांनी खिशातून फोन काढला, घरचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "हे तिला सांगाल? माझ्याकडून ती ऐकायची नाही."

मी सांगितलं. आधी नात सुखरूप असल्याचं, मग मामाचं. आजींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही, आजी."

"फोन त्यांना द्या."

आजोबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, यांचं तेवढं येत होतं.

"हो... इथेच बसलोय... नाही गं, सकाळपासून काही नाही. पोरगी उपाशी, मग मी कसा..." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "हो. खातो. आत्ता खातो."