तांब्याभर पाणी आणि गॅसची नळी

मित्रांनो, केंब्रिजच्या एका बागेत कोपऱ्यात पांढऱ्या सालीचा बर्च दिसतो ना, तो मी. आता जुना झालो. २००३ च्या उन्हाळ्यात मात्र काचेच्या खोलीतलं कुंडीतलं रोप होतो.

आमच्या पानांना बारीक तोंडं असतात. ती उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी बाहेर उडून जातं. जेवायचं तर तहान सोसायची, असा रोकडा व्यवहार! हवेत तो वायू वाढला, तर तोंड किलकिलं करूनही भागतं, पाणी वाचतं. पण तेवढ्यावर दुष्काळ निभेल का? संशोधनासाठी पुण्याहून आलेल्या वैभवीला हेच शोधायचं होतं. मला नळीतून जादा वायू, शेजारच्या खोलीतल्या बर्चला साधी हवा; पाणी दोघांनाही बंद.

ऊन असं तापलं की शेजारी मान टाकून बसला. मी टवटवीत! वैभवी हरखली. प्रोफेसरांना तिने लगेच फोन केला. नोकरीची मुदत वाढायची तर असाच निकाल हवा होता. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी काय बोलणार?

तिची आई, श्यामलाबाई, पुण्याहून राहायला आल्या होत्या. रोज लेकीबरोबर यायच्या, आणि ती शेजारच्या खोलीत मापं घेत असताना माझ्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायच्या. एके सकाळी वैभवीने पाहिलं.

"आई! अगं, हे काय करतेस?"

"आंघोळीनंतर झाडाला पाणी घातल्याशिवाय मला चहा जात नाही, माहितीये ना? आणि या बिचाऱ्याला तर गॅस लावलाय. आजारी आहे ना गं?"

"आजारी नाहीये! एक्स्पेरिमेंट आहे. सगळा स्पॉइल झाला!"

"मग कुणाला सांगू नकोस. मी तरी कुठे सांगतेय?"

वैभवी रडली. मग डोळे पुसून तिनेच प्रोफेसरांना सगळं सांगितलं. आम्हा दोघांना सारखं पाणी पाजून सावरलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या खेपेला पाणी खरंच बंद. शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त तग धरला मी, नाही असं नाही. मग माझीही तोंडं मिटली. वायू दाराशी हवा तेवढा, पण आत घ्यायची सोय नाही. पानं पिवळी पडून गळू लागली. श्यामलाबाई काचेबाहेर भरलेला तांब्या घेऊन उभ्या राहायच्या आणि तसाच परत न्यायच्या. मला त्यांची दया यायची.

निकाल मनासारखा नव्हता, खरा होता. शेवटचं माप घेऊन वैभवीने दार उघडलं.

"आई, घाल आता. दोघांनाही."

मित्रांनो, उन्हाळ्यात दारच्या झाडाला तेवढं पाणी घालत जा. नळी लावलेली दिसली, तर मात्र आधी विचारा.