खुनी कोण, हे मला ठाऊक होतं

खट्.

बाळाचा नुकताच डोळा लागला होता. घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी व्हीसीआरनं मला बाहेर ढकललं. बाळ दचकलं, ओठ काढून रडू की नको असा विचार करू लागलं. चारुशीलानं त्याच्या छातीवर तळहात ठेवला, दोनदा थोपटलं आणि माझ्याकडे दटावल्यासारखं पाहिलं. मग मला उचलून पदरानं पुसलं. तिचा राग असाच असतो, पुसून संपणारा.

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्यात कुणाचं लग्न नाही की कुणाचं बारसं नाही. माझ्यात एक खून आहे.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. एक काळी पेटी, आत दोन चक्रं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली अडीचशे मीटर तपकिरी फीत, एवढंच माझं अंग. माझ्यासारख्या चाळीस जणींना एका रांगेत लावून आमच्यात एकच सिनेमा भरला. डोंगरावरच्या चहाच्या मळ्यात एक बंगला असतो. वाढदिवसाच्या दिवशी त्याची वृद्ध मालकीण विष पिऊन मरते. घरात सात माणसं असतात. सातही भली दिसतात, सातही रडतात. मग साध्या सुती साडीतली एक बाई तपासाला येते आणि सातही जणांना दिवाणखान्यात बसवून एकेकाला विचारते. खुनी कोण ते मी इथंही सांगणार नाही. तेवढा एक नियम मी आयुष्यभर पाळला आहे.

एसटीच्या पार्सलातून मी पलूसजवळच्या एका गावात आले. तिथं नाथाजींचं कॅसेटचं दुकान होतं. नाथाजी फौजेत सिग्नल विभागात पंधरा वर्षं काढून आलेले, येताना कँटीनमधून व्हीसीआर घेऊन आलेले. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. जागा गावातले मोठे बागायतदार लालासाहेब यांची. चारुशीला ही नाथाजींची बायको, वाईची. घरासाठी आणि बाळासाठी राखलेल्या वेळातून वेळ चोरून ती दुकानाची वही लिहायची.

माझ्या शेजारच्या कॅसेटींवर धूळ बसायची, मी मात्र कधी जागेवर नसायची. लोकांना माझ्यात काय दिसायचं? इतर सिनेमात दुष्ट माणूस दारातून आत आला की ढोल वाजायचे, लहान पोरगंसुद्धा ओळखायचं. माझ्यात ढोल वाजत नव्हते. कुणावर विश्वास टाकायचा, हे ठरवायचं काम बघणाऱ्यावर सोडलेलं होतं. गावच्या माणसाला असं काम कोण देतं? शिवाय टॉकीजमध्ये गेलेला क्षण गेला. मला मात्र मागं घेता यायचं. “जरा मागं घ्या, तो कप कुणी उचलला ते बघू द्या,” असं म्हणत माणसं पुढं सरकायची.

नाथाजींनी एक रीत पाडली होती. शेवटची वीस मिनिटं राहिली, सातही जण दिवाणखान्यात बसले, की ते मला थांबवायचे. वहीची पानं फाडून वाटायची. ज्यानं त्यानं खुन्याचं नाव लिहून चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची. चिठ्ठीवर आपलं नाव घालायचं नाही, कोपऱ्यात एखादी खूण काढायची, फूल किंवा चांदणी. ज्याचं बरोबर त्यानं खूण सांगून नारळ न्यायचा.

सगळ्यांत आधी खुनी ओळखला तो क्रांतीनं. क्रांती ही लालासाहेबांची सून, आटपाडीकडची. नवरा जयराज फौजेत, लांब. तिनं तीनदा मला घरी नेलं. परत करताना ती चारुशीलाला म्हणाली होती, “वैनी, ह्यात मला एकच आवडतं बगा. समद्यांला इचारत्यात. मालकाला इचारत्यात अन् सैपाकणीला बी. कुणाला म्हणून सोडत न्हाईत.”

चारुशीला हसून म्हणाली होती, “मग तूच हो की फौजदार.”

“व्हते की. आदी त्या घरातनं भाईर पडू द्या.”

ती बाहेर पडणारच होती. जयराजला छावणीत राहायला क्वार्टर मिळालं होतं. क्रांतीनं आपली आणि मयूरीची, म्हणजे पाच वर्षांच्या लेकीची, ट्रंक भरली. लालासाहेबांना ते पसंत नव्हतं. सून नवऱ्यामागं गेली तर घराची ढेलज, दारची देवडी, ओस पडते, असं ते चावडीवर चारचौघांत बोलले होते. निघायच्या दोन दिवस आधी, सकाळी, क्रांती मळ्यातल्या विहिरीत सापडली.

धुणं धुवायला गेली, शेवाळावर पाय घसरला, असं घरातून सांगण्यात आलं. तालुक्याहून माणसं आली, पंचनामा झाला, कागदावर तसंच लिहिलं गेलं. पण गावातल्या प्रत्येक बाईनं एक गोष्ट पाहिली होती. मातीला म्हणून बायका त्या घरात गेल्या, तेव्हा धुणं न्हाणीतच होतं, साबण घातलेलं, बादलीत भिजत पडलेलं. क्रांती रिकाम्या हातानं विहिरीवर गेली होती. माझ्यातला एवढासा कप मागंपुढं करून बघणाऱ्या बायकांना बादली दिसली नाही, असं कसं होईल? दिसली. त्या घरी आल्या आणि चुलीपुढं बसल्या. जयराज तेराव्याला आला, मान खाली घालून बसला, आणि लेकीला आपल्या आईजवळ ठेवून परत गेला. त्याला कुणी काही बोललं नाही.

मी विहिरीवर नव्हते, मित्रांनो. तिथं काय घडलं ते मला ठाऊक नाही. एवढं कळलं, की गावात मग जवळजवळ वर्षभर मला कुणी नेलं नाही.

पुढच्या गणपतीत मंडळानं दुपारी बायकांसाठी खेळ ठेवला. बायकांनी आपणहून माझंच नाव सांगितलं. शाळेच्या खोलीत सतरंज्या टाकल्या, खिडक्यांना पोती बांधली. नाथाजी यंत्र लावून निघून गेले, चारुशीला बाळाला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली. पहिल्या रांगेत शालूबाई होत्या, लालासाहेबांच्या पत्नी. वर्षभरात त्या कुठल्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. शेजारी मयूरी, आता शाळेत जाऊन अक्षरं जुळवू लागलेली, आजीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

खेळ रंगला. एक म्हणाली, मोलकरीण लय गोड बोलते, तिच्यावर माझा भरवसा नाही. दुसरी म्हणाली, थोरली बहीण हुबेहूब माझ्या सासूसारखी दिसते, मी तिचंच नाव घालणार. सासू मागच्याच रांगेत होती. ती म्हणाली, “घाल की. घरी चल, मंग मी तुजं घालते.” खोलीभर हसू फुटलं. शालूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दिवाणखाना आला. चारुशीलानं मला थांबवलं. पानं वाटली, दोन-चार पेन हातोहात फिरले. शालूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पान गुडघ्यावर धरलं आणि फार वेळ लावून लिहिलं. डबा भरला. चारुशीला एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचू लागली: मोलकरीण, फूल. डॉक्टर, चांदणी. थोरली बहीण, मोर. नावागणिक बायका ओरडत होत्या. मग एक चिठ्ठी तिनं उघडली आणि ती थांबली.

मी यंत्रात होते, पण ती चिठ्ठी पुढं अनेक दिवस माझ्या खोक्यात होती, म्हणून तिच्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. मोठी वाकडी अक्षरं. कोपऱ्यात खूण नाही. फक्त दोन शब्द: जयराजचे वडील.

सिनेमात कुणी जयराज नव्हता. गावात लालासाहेबांना सगळे लालासाहेब म्हणायचे, वडीलधारे लाला म्हणायचे. मुलाच्या नावानं त्यांचा उल्लेख करणारी गावात एकच बाई होती, कारण नवऱ्याचं नाव तिला घेता येत नव्हतं. तिनं आपली सही केली नाही. पण नाव टाळलं, हीच तिची सही झाली.

चारुशीलानं मान वर केली. शालूबाई तिच्याकडेच बघत होत्या, पापणी न हलवता. खोलीत चाळीस बाया होत्या. सगळ्यांनी ती बादली पाहिलेली. एकीनं मोठ्यानं वाचलं असतं, तर बाकीच्या जणींना तोंड फुटलं असतं की दार गाठलं असतं, कुणी सांगावं? चारुशीलाच्या मांडीवर बाळ होतं. तिच्या डोक्यावरचं छप्पर त्याच माणसाचं होतं. तिनं चिठ्ठी मुठीत घेतली आणि म्हणाली, “ह्याच्यावर काही नाही. चला, पुढचं बघू.”

आणि बटण दाबलं.

शेवटची वीस मिनिटं मी जशी होती तशीच दाखवली. सुती साडीतल्या बाईनं खुन्यासमोर उभं राहून त्याचं नाव घेतलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, तिघींत मिळून एक नारळ फुटला, आणि खोली रिकामी झाली. मयूरी बाहेर खोबरं खायला पळाली. शालूबाई मागं राहून सतरंजी घडी करू लागल्या.

“समद्या चिठ्ठ्या वाचल्यास का गं?”

“वाचल्या, मावशी.”

“माजी बरोबर निगाली का?”

चारुशीला वायर गुंडाळत होती. गुंडाळून झालेली वायर तिनं पुन्हा सोडली. “नाही, मावशी. सिनेमात दुसराच निघाला.”

“सिनेमात,” शालूबाई म्हणाल्या. सतरंजी त्यांनी कोपऱ्यात नीट ठेवली, चारुशीलाच्या बाळाच्या गालाला बोट लावलं आणि गेल्या.

त्यानंतर त्या घराबाहेर फारशा दिसल्या नाहीत. संक्रांत झाली आणि साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. चारुशीलानं ती चिठ्ठी जाळली नाही. माझ्या खोक्यातल्या रंगीत कागदामागं ती सरकवून ठेवली. दोनदा काढली, चुलीपर्यंत नेली, परत आणली. दोन्ही वेळा बाळ रडत होतं आणि दोन्ही वेळा तिनं ते रडू दिलं. तिला भित्री म्हणू नका, मित्रांनो. पण तिला शूरही म्हणता येत नाही, हेसुद्धा मला सांगितलं पाहिजे.

आता माझे दिवस भरत आले आहेत. गावात केबलची तार आली आहे. मी जिथं दरवेळी थांबवली जायची, तिथं माझी फीत झिजली आहे. चालत्या फितीला काही होत नाही. एका जागी अडवून धरली, की आतलं चाक तिथंच घासत राहतं. मग सातही जण दिवाणखान्यात बसतात आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला धूळ लागू देऊ नका, उन्हात ठेवू नका, आणि उत्तराच्या तोंडाशी आणून थांबवून ठेवू नका. माणसं माझ्याकडे खून बघायला कधी येत नव्हती. विचारलं जातं आणि सांगावं लागतं, हे बघायला ती येत होती. घरी जाऊन तेवढं एक त्यांनी केलं असतं, तर मी धूळ खात पडले तरी मला चाललं असतं.

एक दिवस सांगायचा राहिला.

आईच्या दहाव्यानंतर जयराज दुकानात आला. मुंडण केलेलं डोकं, अंगात फौजेचा स्वेटर, हाताला धरलेली मयूरी. दुसऱ्या दिवशी तो लेकीला घेऊन छावणीत परत जाणार होता. नाथाजी बाहेरगावी होते. जयराज दारातच उभा राहिला.

“वैनी, क्रांती एक पिक्चर सारखी न्यायची म्हणं. खुनाचा. मला बगायचा हाय.”

“जुना झालाय हो तो,” चारुशीला म्हणाली. “फीत खराब आहे.”

“असू दे. तिनं काय बगितलं ते तरी बगतो.”

चारुशीलानं मला फळीवरून काढलं. खोकं उघडण्यासाठी तिचा अंगठा रंगीत कागदाच्या कडेवर आला आणि तिथंच थांबला. चिठ्ठी काढून घ्यावी की राहू द्यावी, हे तिला ठरवता येत नव्हतं. जयराजनं हात पुढं केला होता. मयूरीनं मला ओळखलं. तिनं आधी माझ्यावरच्या बंगल्याच्या चित्राकडे पाहिलं, मग चारुशीलाकडे, आणि बापाचा हात न सोडता अगदी साधेपणानं विचारलं,

“काकू, आजीनं त्या दिवशी चिठ्ठीवर आजोबांना लिवलं हुतं. मी बगितलं. आजोबा कुठं हुते त्या पिक्चरात?”