जावयाच्या मागे दोन माणसं

मॅच संपल्याची शिट्टी वाजली तसा सोफेवाल्याने फोमच्या गठ्ठ्यात खुपसलेला पत्र्याचा डबा बाहेर ओढला आणि झाकण उघडलं. आत चार फोन होते. आपली टीम जिंकली होती, त्यामुळे दुकानात नुसता गोंधळ होता. मेहुणा एका गिऱ्हाइकाच्या तीन माणसी सोफ्यावर उभा राहून नाचत होता.

"अरे, उतर खाली!" मास्तर ओरडले. "स्प्रिंगा कालच बांधल्यात त्याच्या!"

सोफेवाला हसत हसत ज्याचा त्याला फोन देत गेला. मास्तरांचा, बस ड्रायव्हरचा, मेहुण्याचा. शेवटी स्वतःचा हातात घेतला. त्यावर अकरा मिस्ड कॉल होते आणि अकराही हॉस्पिटलचे होते.

त्याचं हसणं थांबलेलं पाहून ड्रायव्हरने टीव्ही बंद केला. मेहुणा सोफ्यावरून हळूच खाली उतरला.

सोफेवाल्याची बायको पाच वाजून बावीस मिनिटांनी गेली होती.

फोन डब्यात टाकायचा नियम सोफेवाल्याचाच होता. दुकानातला टीव्ही अर्धं मिनिट मागे चालायचा. मैदानात गोल झाला की इथे तो अर्ध्या मिनिटाने दिसायचा. दोन वर्षांपूर्वी एका मॅचला पेनल्टी मारायच्या आधीच ड्रायव्हरच्या फोनवर बातमी टिणटिणली आणि पेनल्टी वाया गेल्याचं सगळ्यांना कळून चुकलं. त्या दिवशी ड्रायव्हरला कुणी चहासुद्धा विचारला नाही. तेव्हापासून मॅचच्या वेळी सगळ्यांचे फोन डब्यात आणि डबा फोममध्ये, म्हणजे वाजला तरी ऐकू येणार नाही.

बायको चार दिवस हॉस्पिटलात होती. दम लागत होता, पण बरं वाटू लागलं होतं, आणि सोमवारी घरी सोडू असं डॉक्टर म्हणाले होते. रविवारी दुपारी तिनेच त्याला उठवलं.

"इथे बसून माझं तोंड काय बघताय? जा तुम्ही. नाहीतर माझा भाऊ त्या जावयाला शिव्या घालून घालून घसा बसवून घेईल."

"मॅच झाली की येतो."

"या. घाई नाही."

जावई म्हणजे टीमचा नवा स्ट्रायकर. त्याला आणला तेव्हा पेपरात आलं होतं की तेवढ्या पैशात अख्खी दुसरी टीम उभी राहिली असती. आल्यापासून तेरा मॅचमध्ये त्याचे गोल दोन. मान मोठा, थाट मोठा, आणि काम विचारू नका, म्हणून मास्तरांनी त्याला जावई म्हणायला सुरुवात केली. ते नाव असं चिकटलं की त्याचं खरं नाव दुकानात कुणी घेतच नसे.

त्याची बाजू घेणारी एकटी सोफेवाल्याची बायको. ती घरी मशीनवर उशांच्या खोळी शिवायची आणि शेजारी रेडिओ लावून ठेवायची. खोळी पोचवायला दुकानात आली की वाद हमखास.

"तुम्ही सगळे चेंडूकडे बघता," ती म्हणायची. "मी नावं ऐकते. रेडिओवाला सारखं सांगत असतो, जावयाबरोबर अमका आहे, तमका आहे. म्हणजे जावयाच्या मागे समोरच्या टीमची कायम दोन माणसं. मग बाकीच्यांच्या मागे राहिलं कोण?"

"वहिनी, त्याला गोल करायला आणलंय," मास्तर म्हणायचे. "वरात घेऊन फिरायला नाही."

"तुम्हाला नाही कळायचं," म्हणून ती रिकाम्या पिशव्या घेऊन निघायची.

ती गेली त्या दिवसाच्या वेळा सोफेवाल्याने कुणालाही न सांगता जुळवून ठेवल्या होत्या. पहिला फोन पाच वाजून चार मिनिटांनी आला होता. साधारण त्याच वेळी तो स्वतः उभा राहून टीव्हीकडे हात करून ओरडला होता, "काढा रे त्या जावयाला बाहेर!" पाच-सतराला मधल्या फळीतल्या एकाने गोल केला, तेव्हा सगळ्यांनी उड्या मारल्या होत्या. त्यानंतर पाच मिनिटांत ती गेली. म्हणजे ती आपल्याला बोलावत होती आणि आपण उड्या मारत होतो. तो रोज या हिशोबाशी येऊन थांबायचा.

पुढचे तीन महिने टीव्ही लागला नाही. तिघंही यायचे, चहा प्यायचे, रस्त्यातल्या खड्ड्यांवर आणि डाळीच्या भावावर बोलायचे. फुटबॉलचं नाव कुणी काढत नसे. सोफेवाल्याने डब्यात बारीक खिळे भरून टाकले होते.

घरी तिची खुर्ची मशीनपुढे तशीच होती. तिची एक स्प्रिंग वर आली होती आणि बायको त्यावर गोधडीची घडी घालून बसायची. खुर्चीसाठी तिने हिरवं कापड निवडून वर्ष झालं होतं. ते दुकानाच्या फळीवर पडून होतं. "आधी गिऱ्हाइकाचं होऊ दे," तो दरवेळी म्हणायचा. "सगळ्या गावाला मऊ बसवता," ती म्हणायची, "मला तेवढं टोचू दे."

आज रविवार होता. मेहुणा आला तो थेट टीव्हीपाशी गेला.

"भावोजी, मी लावतोय. रागावलात तरी चालेल."

सोफेवाला एका खुर्चीच्या बैठकीवर कापड ठोकत होता. तोंडात सात-आठ खिळे धरले होते. त्याने मान हलवली नाही, नको असंही म्हटलं नाही, फक्त स्टूल फिरवून टीव्हीकडे पाठ केली. मेहुण्याने आवाज बारीक ठेवला. मास्तर आणि ड्रायव्हर एका दोन माणसी सोफ्यावर अंग चोरून बसले.

वीसेक मिनिटं कुणी चकार शब्द काढला नाही. पण अशी माणसं किती वेळ दम धरणार?

"चाललाय बघा, भाजी आणायला निघाल्यासारखा," मेहुणा पुटपुटला.

"हळू," ड्रायव्हर म्हणाला.

"हळूच म्हणालो. पण एकदा तरी धावावं की नाही माणसाने? चेंडू पायाला लागला की भिंतीला लागल्यासारखा उडतो."

"त्याला पास तरी कोण नीट देतं?" ड्रायव्हर म्हणाला. "गाडीत डिझेल घालायचं नाही आणि चढत नाही म्हणायचं."

"एवढा ताडमाड उंच आहे, डोक्याने एक गोल नाही," मास्तरही आता सरसावले. "चौदा वर्षांच्या मुलींना शिकवायचो मी खेळाच्या तासाला. त्यासुद्धा डोकं लावायच्या. हा पाठ करून उभा राहतो, दोघांशी ढकलाढकली करतो आणि पडतो. याला काय खेळाची शैली म्हणायची?"

"बसवा त्याला बाकावर!" मेहुण्याचा आवाज चढला. "मानपानाचं काय ते घरी नेऊन करा म्हणावं!"

हातोडी ठकठक चालूच होती.

"त्याच्या मागे किती माणसं आहेत ते बघा की," दारातून कुणीतरी म्हणालं. "दोन आहेत ना? मग बाकीच्यांच्या मागे कोण राहिलं?"

हातोडी थांबली.

दारात निळ्या स्वेटरमधली एक बाई उभी होती. वय चाळिशीचं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. सगळे एकदम आपल्याकडे बघायला लागल्यावर ती ओशाळली.

"माफ करा, तोंडातून निघून गेलं. सोफेवाले आपणच का? मी सिस्टर आहे, हॉस्पिटलातली. तुमच्या मिसेस सात नंबरच्या बेडला होत्या, तेव्हा माझी ड्यूटी होती."

सोफेवाला उठला. एका खुर्चीवरचा भुसा त्याने हातानेच झाडला आणि ती तिच्याकडे सरकवली. मेहुण्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच माझी बदली झाली, तीन महिन्यांसाठी," सिस्टर बसता बसता म्हणाली. "परवा परत आले. जुना एप्रन धुवायला काढला तर खिशात हे. दुकान सापडायला त्रास नाही झाला. डेपोच्या मागे, फुटपाथवर सोफे मांडलेले दिसतील, असं त्यांनीच सांगितलं होतं."

तिने पुडी उघडली. आत रेडिओचा इअरफोन होता. तुटक्या वायरवर लाल दोरा घट्ट गुंडाळलेला होता. शिवणाचा दोरा. हॉस्पिटलातून पिशवीत रेडिओ परत आला होता, हा आला नव्हता.

सोफेवाल्याने तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि तळहातावर ठेवले.

"तुम्ही होतात तिथे?"

"होते की. शेवटपर्यंत. याचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्याच समजावून सांगत होत्या, या जावयाचं."

"फोन आले होते," तो म्हणाला. "अकरा. माझा फोन त्या वेळी..."

"डब्यात होता."

सोफेवाल्याने मान वर केली.

"त्यांनीच सांगितलं," सिस्टर म्हणाली. "पाचच्या सुमाराला दम वाढला. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, सगळं केलं. मी तुम्हाला फोन लावायला लागले तर म्हणतात, नका लावू, उचलणार नाहीत. फोन डब्यात, डबा फोममध्ये. शिट्टी वाजली की लावा. म्हटलं, अहो, असं कसं? मी लावतच राहिले, माझं कामच ते. दर वेळी त्या बोट हलवायच्या, नाही नाही म्हणून."

"माझी वाट बघत होती?"

"मॅच झाली की येणार आहेत, म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या हो. मला तरी तसं दिसलं नाही."

"घाबरली होती?"

सिस्टरने पुडीचा कागद गुडघ्यावर सपाट केला.

"थोड्या घाबरल्या. खोटं कशाला सांगू? मी हात धरला. मग तो गोल झाला, आणि त्यांनी माझा हात असा दाबला की अंगठी रुतली माझी. म्हणाल्या, बघा, मधली जागा मोकळी कुणी केली? मी म्हटलं, कुणी? तर म्हणाल्या, जावयाने. दोघांना घेऊन गेला ना बाजूला."

मेहुण्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"आणि मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, थांबा, आमच्या टीव्हीवर अर्ध्या मिनिटाने दिसतो. आता आमचे उडी मारतील. बघत राहिल्या त्या काट्याकडे. मीही बघत राहिले. अर्धं मिनिट झालं तशा म्हणाल्या, मारली." सिस्टरने इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली. "हसल्या आणि डोळे मिटले. मग दम हळूहळू कमी होत गेला. डॉक्टर बाजूलाच होते. मी हात सोडला नव्हता."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. काच स्वच्छ झाली तरी ते पुसतच होते.

"खरंच मारली होतीत का हो उडी?" सिस्टरने विचारलं. "मला तेव्हापासून विचारायचं होतं."

सोफेवाल्याने हातातले खिळे टेबलावर ठेवले. एक घरंगळत खाली पडला, तो त्याने उचलला नाही.

"मारली होती," तो म्हणाला. "याच्यापेक्षा उंच." त्याने मेहुण्याकडे बोट केलं.

"खोटं," मेहुणा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "माझ्या निम्मीसुद्धा नव्हती."

सोफेवाला हसला. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने हसला, मग डोळे पुसले आणि पुन्हा हसला. पाच-चार, पाच-सतरा, पाच-बावीस. वेळा त्याच होत्या, पण त्यांच्यामध्ये आता एक अर्धं मिनिट आलं होतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात ती आपल्याकडेच बघत होती.

"चहा सांग रे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आणि आवाज वाढव."

त्याने स्टूल फिरवून टीव्हीसमोर घेतलं. पहिला हाफ संपत आला होता. सिस्टरने चहा घेतला आणि आता आलेच आहे तर, म्हणून बसली. सत्तराव्या मिनिटाला जावयासमोर गोल मोकळा होता, आणि त्याने चेंडू बारवरून प्रेक्षकांत भिरकावला.

मेहुण्याने शिवी तोंडातल्या तोंडात दाबली. तिघंही सोफेवाल्याकडे बघायला लागले.

"मागे दोन होते," सोफेवाला म्हणाला.

"होते," मास्तरांनी मान्य केलं. "वहिनींपुढे मी हरलो. पण तरी एखादा गोल मारायला काय हरकत होती त्याला?"

"ते मात्र खरं," सिस्टर म्हणाली, आणि सगळे हसले.

मॅच बरोबरीत सुटली. सिस्टर निघाली तेव्हा मेहुणा तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला. मास्तर आणि ड्रायव्हर वाद घालत घालतच रस्ता ओलांडून गेले. बाहेर अजून उजेड होता. सोफेवाल्याने पत्र्याच्या डब्यातले खिळे त्यांच्या खोक्यात ओतले, डबा आतून पुसला आणि टीव्हीच्या बाजूला ठेवला. इअरफोन सदऱ्याच्या खिशात टाकला. मग फळीवरचं हिरवं कापड काढून झटकलं, टेबलावर पसरलं आणि टेप लावला.

माप त्याला पाठ होतं. कापड कापून झालं. खुर्ची घरीच होती. तिच्या स्प्रिंगा बांधायच्या होत्या, फोम बदलायचा होता, कापड ठोकायचं होतं. त्यातलं अजून काहीच झालं नव्हतं.