दोन वेळचं पाणी

धाकटीने रुमालाची गाठ सोडली आणि लिंबाची पिवळी पानं नर्सबाईंच्या टेबलावर एकेक करून मांडली. रुमालात एक गळलेली कळीही होती. ती टेबलावर ठेवायला तिचा हात होईना, तेव्हा तिने ती मुठीतच ठेवली.

"पेशंट कुठला?" नर्सबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"लिंबू. कुंडीतलं."

"कधीपासून त्रास?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

नर्सबाईंचा उभा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात गेला होता. निवृत्त झाल्यावर चार दिवस घरी बसून त्यांनी सुनेचा जीव नकोसा केला, आणि शेवटी वाचनालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या परसबाग मंडळाने त्यांना एक टेबल देऊन घरच्यांची सुटका केली. टेबलावर 'आजारी झाडं' अशी पाटी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक पानं, डहाळ्या, क्वचित अख्ख्या कुंड्या घेऊन रांगेत उभे राहत आणि पेशंटच्या नातेवाइकांसारखे चेहरे करत. सुरुवातीला हसणारेही आता नर्सबाईंसमोर आवाज खाली करूनच बोलत.

मागच्या भिंतीवर मंडळाचा फळा होता. सेक्रेटरींनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या, त्यामुळे खताची सूचनासुद्धा सेल लागल्यासारखी दिसायची. या महिन्याचा मजकूर असा होता: गुलाबाची छाटणी आटोपून घ्या. वाळलेला पाला जाळू नका, खड्ड्यात टाका. उन्हाळी फुलांचं बी पाकिटात भरून वर नाव लिहा, नंतर ओळखू येत नाही. आणि खाली लाल रंगात, जाड ठशात: थंडीत झाड झोपतं. झोपलेल्याला उठवून पाणी पाजू नका.

नर्सबाईंनी एक पान मधोमध मोडलं, नाकाशी नेलं, आणि शेजारच्या पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलं. ट्रेमध्ये तसंच एक पिवळं पान आधीच पडलं होतं. यंदा सगळ्यांचीच लिंबं बिघडलेली दिसतात, असं धाकटीला वाटलं आणि जरा बरंही वाटलं.

"कुंडी कुठे असते?"

"आमच्या जिन्याच्या वर, खिडकीखाली. दोन दारांच्या मधे."

"दोन दारं कुणाकुणाची?"

"एक माझं. एक माझ्या ताईचं."

नर्सबाईंनी ट्रेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पाणी?"

"रोज सकाळी एक मगभर. दुकानात जायच्या आधी."

"थंडीत रोज? फळा काय शोभेला लावलाय?"

"पण खालची ताटली कायम कोरडी ठणठणीत असते," धाकटी म्हणाली. "थेंब नसतो. म्हणून वाटतं, तहानलेलं आहे."

"माती बघितलीस?"

"वर गोटे पसरलेत. आईने घातलेले."

"मुळं कुजायला लागलीत. गोटे बाजूला सार आणि आत बोट घालून बघ, चिखल लागेल." नर्सबाईंनी पानं गोळा करून ट्रेमध्ये सारली. "एका मगाने एवढं होत नाही. कुणीतरी आणखी पाणी घालतंय."

"कोण घालणार? कुणी नाही."

"मग ताटली कोण पुसतं?"

ताटली धाकटीही पुसायचीच. पाणी घातलं, निथळलं, की जिन्यात ओघळ नको म्हणून पुसून मगच निघायची. पण मागाहून थोडं झिरपायला हवं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठालासुद्धा ओली नसायची, हे खरं होतं.

"वॉर्डात व्हायचं हे," नर्सबाई म्हणाल्या. "दोन नर्सांचं आपसात बोलणं नसलं, की ड्यूटी बदलताना दोघी तोच डोस देऊन मोकळ्या. दोघीही काळजीपोटीच देतात बरं का. भोगतो पेशंट." त्यांनी पुढच्या माणसाला हाताने थांबवलं. "दुसरी जी कोण आहे, तिच्याशी बोल."

"आमचं बोलणं नाही."

"मग तू थांब. पाणी बंद कर. ती घालतेच आहे."

धाकटी घरी निघाली ती तणतणतच. केस पिकायला लागले तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि राग आला की ती खरोखरच धाकटीसारखी ओठ काढून चालायची. ताई आणि पाणी घालणार? जिने आईला दिलं नाही, ती झाडाला देणार?

आई शेवटच्या वर्षी धाकटीकडे होती. धाकटी कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवायला बसायची, म्हणून दुपारी समोरच्या दारातून ताई येऊन आईपाशी थांबायची. आईचं हृदय थकलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी एका बाटलीवर पेनाने खूण करून दिली होती: दिवसाला एवढंच पाणी, याच्यावर घोटभरही नाही. आई सकाळी जागी झाली की आधी पाणी मागायची, आणि मग हळू आवाजात सांगायची, "थोरली दुपारची मला पाणी देत नाही गं. ओठ सुकले तरी बाटलीची खूण दाखवते."

धाकटीच्याने ते ऐकवायचं नाही. ती नळाचं अर्धी वाटी पाणी आणून द्यायची. बाटलीतलं नव्हतं, त्यामुळे बाटलीची खूण बरोबर राहायची. आई वाटी दोन्ही हातांत धरून प्यायची आणि वर म्हणायची, "तिला सांगू नकोस." धाकटीने कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टर दर खेपेला आईच्या पायाला बोट लावून बघायचे, खळगा पडायचा, आणि ते गोळ्या बदलून द्यायचे. आई गेल्यावर धाकटी कितीतरी दिवस ती वाटी वापरू शकली नाही. मग एकदा तिने ती भंगारात देऊन टाकली.

आई गेली त्याच आठवड्यात दोघी बहिणी तिच्या चादरी घडी करत होत्या. धाकटी बोलून गेली, "घोटभर पाणी द्यायला तुझा जीव जात होता का?" ताईच्या हातून चादरीचं टोक सुटलं. "हे तू मला सांगतेस?" एवढंच म्हणून ती उठली आणि समोरचं दार लावून घेतलं. चोर तो चोर, वर शिरजोर, असं धाकटीला वाटलं होतं. तेव्हापासून दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तर एकीला एकदम किल्ली सापडायची नाही आणि दुसरीला चप्पल.

सामानाची वाटणी ताईच्या नवऱ्याने मधे पडून केली, पण कुंडीचा विषय त्यानेही काढला नाही. आईने सरबताच्या लिंबातली बी खोचून लावलेलं ते झाड, दोन्ही दारांपासून सारख्याच अंतरावर. ते कधी फुललं नव्हतं. आई म्हणायची, लागेल तेव्हा लागेल, आपल्याला कुठे बाजार भरवायचाय. आणि यंदा, ऐन थंडीच्या तोंडावर, त्याला कळ्या आल्या. त्या गळायला लागल्या तेव्हा धाकटीची झोप उडाली. आईचं आता तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं.

घरी पोचल्यावर तिने समोरचं दार बंद आहे असं पाहून गोटे बाजूला केले आणि मातीत बोट घातलं. बोट गचकन आत गेलं. काळा चिखल, आणि बुरसट वास. तिने बोट पुसलं, गोटे परत पसरले आणि समोरच्या दाराकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मग भरला गेला. तो तिने परत बादलीत ओतला. दुकानात गेल्यावर एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड शिवला आणि मालकाचं बोलणं खाल्लं.

आठवडाभरात पानं गळायची थांबली. शेंड्याची एक कळी तग धरून होती. धाकटीला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही. आपण हात काढून घेतला तर झाड सुधारलं. ताईच्या हाताला गुण आहे म्हणायचा. जाता येता ती कुंडीकडे तिरप्या नजरेने बघायची, सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तशी.

मग थंडी ओसरली. खिडकीतून ऊन थेट कुंडीवर पडायला लागलं. एका सकाळी पानं कडेने आत वळलेली दिसली. धाकटीने गोटे सारले. माती भुगा झाली होती, कुंडीच्या कडेपासून सुटलेली. ताटलीत धूळ होती, आणि ती धूळ कुणी पुसलेली नव्हती.

टाकलं शेवटी, तिच्या मनात आलं. आईला टाकलं तसंच झाडालाही टाकलं.

पाण्याचा मग घेऊन यायला ती वळलीही, पण थांबली. आपण घातलं आणि दुपारी तिनेही घातलं तर पुन्हा तोच चिखल. आज घालेल, ती स्वतःला म्हणाली आणि दुकानात गेली. तिथे सुईत दोरा ओवायला तिला तीनदा थुंकी लावावी लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने कसाबसा दम धरला आणि मालकाला डोकं दुखतंय सांगून घरी आली.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर ती थबकली. ताई कुंडीपाशी उकिडवी बसली होती. शेजारी पाण्याने भरलेला जग, मांडीवर फडकं, आणि उजव्या हाताचं बोट मुळापर्यंत मातीत.

ताईने मान वर केली नाही. "सुकलंय," ती म्हणाली.

हे झाडाला म्हटलं की आपल्याला, याचा धाकटीला अंदाज येईना. "सुकणारच," ती म्हणाली. "पाणी कोण घालतंय?"

"तू घालतेस ना."

"मी बंद केलं. मंडळातल्या त्या नर्सबाई म्हणाल्या, दुसरी घालतेय, तू थांब."

ताईने मातीतून बोट काढलं आणि फडक्याला पुसलं. "मीही गेले होते त्यांच्याकडे. मंडळाच्या रविवारी, अगदी सुरुवातीला. पान घेऊन. रोज दुपारी घालायचे मी. संध्याकाळी ताटली पुसायचे. पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्या घरी गेले, तर मलाही तेच म्हणाल्या. तू थांब, दुसरी घालतेय."

धाकटीला ट्रेमधलं पान आठवलं. बाईंनी दोघींना थांबवलं होतं, आणि कुजलेल्या मुळांना उपचारही तोच होता.

"आधी दोघी घालत होतो," ती म्हणाली.

"आणि मग दोघी थांबलो."

ताई नाकातल्या नाकात हसली. आई तशी हसायची. मग तिने जगाचा कान धरला, पण उचलला नाही, आणि त्याच्याकडेच बघत बोलली.

"आईला मी दुपारी पाणी देत होते. बाटलीतलं नाही, वेगळं. तिचे हाल बघवायचे नाहीत माझ्याने. म्हणायची, धाकटी सकाळची घोटभरसुद्धा देत नाही, बाटलीवर बोट ठेवून दाखवते. मला तुझा इतका राग यायचा."

धाकटी पायरीवर बसली. खाली कुणीतरी सायकल आत ओढत होतं, तिची घंटी भिंतीला लागून वाजली.

"किती द्यायचीस?" तिने विचारलं.

"अर्धी वाटी. फारच मागितलं तर जरा जास्त." ताईचा आवाज बारीक झाला. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, घोटभर पाण्याचं. मला वाटलं, स्वतः दिलं नाही आणि मला विचारते."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. वाटी केव्हाच भंगारात गेली होती.

"मीही द्यायचे," धाकटी म्हणाली. "सकाळी. नळाचं. अर्धी वाटी."

ताईने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. आईच्या पायावरची सूज का उतरत नाही ते डॉक्टरांना शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. दोघींनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, कारण दोघींनी एकदमच नजर कुंडीकडे वळवली.

"मला म्हणायची, थोरली देत नाही," थोड्या वेळाने धाकटी म्हणाली. "तिला सांगू नकोस, म्हणायची."

"लबाड होती म्हातारी," ताई म्हणाली आणि फडक्याने डोळे पुसले. फडक्याची माती गालाला लागली, ती तशीच राहिली.

मग तिने जग उचलून धाकटीपुढे धरला. "घाल."

"तू घाल. दुपार तुझी असते."

ताईने बेताबेताने पाणी ओतलं. सुकलेली माती आधी ते घेईना, गोट्यांवर तरंगलं, मग सूं आवाज करत खाली उतरलं. धाकटीने वाकून मातीत बोट घातलं, अंदाज घेतला आणि म्हणाली, "बास."

ताईने जग खाली ठेवला. शेंड्याची कळी अजून होती. कुंडीखालून पाण्याची बारीक रेघ निघाली आणि ताटलीभर पसरली. ताईचा हात सवयीने फडक्याकडे गेला.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "सकाळी मला दिसलं पाहिजे."