पंचमीची अळंबी

माझ्या सासूबाई, भिवराबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे. धारूरच्या डोंगरात कुणालाही बटणाएवढी पांढरी अळंबी दिसली की आधी आत्यांना बोलावणं यायचं. त्या रंग बघायच्या नाहीत, वास घ्यायच्या नाहीत. खाली बसून बोटानं माती उकरायच्या. देठाखाली वाळवीच्या घराचा भुसभुशीत चुरा लागला तर खायची, नाही तर फेकायची. त्यांच्यामुळं गावात अळंबी खाऊन कुणाला कधी साधी उलटी झाली नव्हती.

ते दुष्काळाचं तिसरं वर्ष. आषाढात चार सरी पडल्या, बस्स. नणंद सत्यभामा लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आलेली आणि घरात भाजीचं पान नाही. वारुळाला दूध-लाह्या घालायला आम्ही तिघी बांधावर गेलो, तर वारुळाच्या पायथ्याशी अळंब्यांचा सडा! सहकारी साखर कारखान्यानं सभासदांना खत म्हणून दिलेली मळी आम्ही उन्हाळ्यात तिथंच ओतली होती. मी हरखून गेले. पंचमीला काही चिरायचं नाही, विळी हातात घ्यायची नाही. आणि या तर अख्ख्याच शिजणाऱ्या.

आत्या मात्र कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. उकरलं नाही. पंचमीला माती उकरायची नसते, खाली नाग असतो म्हणतात. अलगद खुडून त्यांनी ओटीत घेतल्या.

घरी भाजी झाली. मी सत्यभामाला वाढायला लागले, तर आत्यांनी कढई स्वतःकडे ओढली.

"तुमी पुरणाची दिंडं खा. भाजीला थांबा जरा."

आणि एकट्याच वाटीभर खाऊन मोकळ्या झाल्या. माहेरवाशिणीच्या आधी! माझं डोकंच फिरलं.

"आत्या, लेकीच्या आदी? एवढी भूक लागली व्हय?"

त्या हसल्या. "लागली माय."

तासाभरात त्यांना दरदरून घाम सुटला. तोंडातून लाळ गळायला लागली, उलट्या थांबेनात. दूध संस्थेची जीप मिळाली. सत्यभामाला घरी ठेवून आम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं निघालो. आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"आत्या, तुमचं चुकलंच कसं?"

"चुकलं न्हाई. शंका आलती मला. वाळवीची हाय का मळीवरची इखारी, उकरल्याबिगर कळत न्हाई. अन् आज उकरायचं कसं?"

"मग फेकायच्या व्हत्या!"

"पोरगी पैल्या पंचमीला आली. भाजीबिगर जेवू घालू? म्हणलं, आदी आपण खाऊन बघावं. सांजपर्यंत काय झालं न्हाई, तर वाढू तिला."

एका बोटाचं काम होतं! त्यांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. मी तिथंच उभी होते की. पाप लागलं असतं तर लागलं असतं, मी का नाही उकरलं?

आत्यांनी माझा हात धरला. "सत्याला यातलं सांगू नको. जन्मभर जिवाला लावून घेईल. म्हण, म्हातारीला भूक आवरली न्हाई."

अंबाजोगाई यायच्या आत त्या गेल्या.

सत्यभामानं विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. तिला ते लगेच पटलं. जेवताना मी आत्यांना काय बोलले, ते तिनं ऐकलं होतं.